वाचनाचे उत्तरदायित्व : ज्ञानपत्रिकांच्या नीतिव्यवहाराचा एक इतिहास

१९९६ सालच्या वसंत-ग्रीष्म जोडअंकात ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकन नियतकालिकाने अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाचा एक लेख छापला. पुंज-गुरुत्वाकर्षण आणि उत्तर-आधुनिक विचार यांचे नाते सांगू पाहणारा हा लेख टीपांनी आणि संदर्भांनी ओथंबलेला होता. अंक बाहेर पडतो न पडतो तोच ‘लिंग्वा फ्रँका’ या दुसऱ्या नियतकालिकात सोकल यांनी जाहीर केले, की तो लेख म्हणजे जाणूनबुजून रचलेले विडंबन आहे. संपादकांच्या वैचारिक कलाला मानवेल अशा भाषेत निरर्थक विधाने गुंफली तर ती छापली जातात का, एवढेच त्यांना पाहायचे होते. त्यानंतर जे वादळ उठले त्याची चर्चा बहुतेक ठिकाणी एकाच अंगाने झाली. फ्रेंच सिद्धान्तनाच्या प्रभावाखाली अर्थ आणि निरर्थकता यांतील भेदच पुसला गेला आहे काय, विज्ञानाचे सामाजिक वाचन करणाऱ्यांना विज्ञान कळते काय, असे प्रश्न विचारले गेले. ते गौण आहेत असे नाही. परंतु या प्रकरणाच्या तळाशी एक साधा, व्यवहारातला प्रश्न होता आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले : तो लेख नेमका कोणी वाचला?

ज्ञानपत्रिकांची नीती म्हटले, की वाङ्मयचौर्य, बनावट सामग्री, एकच लेख दोन ठिकाणी छापणे, नावापुरते सहलेखकत्व अशी एक यादी डोळ्यांपुढे येते. या यादीतील जवळपास प्रत्येक दोष लेखकाच्या माथी मारता येतो. संपादक, परीक्षक, प्रकाशक आणि या पत्रिकांच्या आधारे नेमणुका व बढत्या ठरवणाऱ्या संस्था यांचे दोष यादीत फार उशिरा येतात. इतिहासाचा क्रम मात्र वेगळे काही सुचवतो. ज्ञानपत्रिकांचे नियम ज्या ज्या वेळी बदलले त्या त्या वेळी, वरवरचे निमित्त काहीही असो, वाद होता तो वाचनाच्या उत्तरदायित्वाचा : छापण्यापूर्वी मजकूर कोणी वाचायचा आणि तो वाचल्याची जबाबदारी कोणी घ्यायची. प्रत्येक बदलाबरोबर हे उत्तरदायित्व एका हातातून दुसऱ्या हाती गेले, आणि हा दुसरा हात बहुधा अधिक दूरचा होता.

‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक ६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये निघाला. पॅरिसचे ‘जर्नाल दे साव्हां’ त्याच्या दोन महिने आधी सुरू झाले होते. सोळा पानांचा हा अंक रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने स्वतःच्या जबाबदारीवर आणि आपल्याला चार पैसे मिळतील या आशेने काढला होता. सोसायटीच्या कार्यकारिणीने छपाईला परवाना देताना, मजकूर आधी काही सभासदांनी नजरेखालून घालावा अशी अट घातली. विसाव्या शतकातील अनेक लेखकांना या अटीत तज्ज्ञपरीक्षणाचा उगम दिसला. तो तसा पाहणे बरोबर नाही. १६६२ च्या मुद्रण-कायद्याखाली परवान्यावाचून काही छापता येत नसे आणि सोसायटीकडे असलेला परवाना देण्याचा अधिकार ती या अटीद्वारे बजावीत होती. राजद्रोही किंवा धर्मविरोधी असे काही छापले जाऊ नये, ही त्यामागची काळजी होती; मजकूर खरा की खोटा हा प्रश्न तीत नव्हता. ती काळजी किती खरी होती ते पुढे दिसलेच. १६६७ साली, डचांशी युद्ध चालू असताना, परदेशांशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ओल्डेनबर्ग संशयित ठरला आणि त्याला काही काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले.

म्हणजे आरंभीच्या या अवस्थेत छापण्यापूर्वीचे वाचन एकाच माणसाचे होते. पत्रे त्याच्याकडे येत, तो ती निवडी, अनुवादित करी, संक्षेप करी. शोध प्रथम कोणी लावला हा तंटा उभा राहिला तर त्याने छापलेली तारीख पुरावा ठरे. मजकुराची खरी परीक्षा छापून झाल्यावर, आणि तीही त्याच पानांवर, होई. १६७२ च्या फेब्रुवारीत न्यूटनचा प्रकाश व रंग यांविषयीचा निबंध ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आला आणि त्यावरचे आक्षेप व न्यूटनची उत्तरे पुढील अंकांतून येत राहिली. न्यूटन या वादांना इतका कंटाळला, की पुढे काही छापण्याविषयी तो कायमचा नाखूश झाला. जाहीर परीक्षणाची किंमत लेखकाला द्यावी लागते, याचे हे बहुधा पहिले मोठे उदाहरण.

ही व्यवस्था मोडली ती एका विडंबनामुळे, हा योगायोग सोकल प्रकरणाच्या अभ्यासकाने विसरू नये. जॉन हिल हा वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधविक्रेता आणि भांडखोर पत्रकार. रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्याला मिळाले नव्हते. १७५० साली त्याने अब्राहम जॉन्सन या टोपणनावाने सोसायटीला उद्देशून एक पुस्तिका लिहिली. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे स्त्रियांना पुरुषसंगावाचून गर्भधारणा होऊ शकते, असा ‘शोध’ त्याने तीत पूर्ण गांभीर्याने, सोसायटीच्या निबंधांच्या शैलीत मांडला. दुसऱ्या वर्षी त्याने टोपणनाव आणि विनोद दोन्ही बाजूला ठेवून ‘ट्रान्झॅक्शन्स’मधील हास्यास्पद निबंधांची जाडजूड झडती घेतली. सोसायटीला तोवर असे म्हणता येत होते, की नियतकालिक सचिवाचे आहे, आमचे नाही. हिलच्या हल्ल्यानंतर हा बचाव फार काळ टिकण्यासारखा नव्हता. १७५२ साली सोसायटीने ‘ट्रान्झॅक्शन्स’ आपल्या ताब्यात घेतले आणि निबंधांची निवड करण्यासाठी एक समिती नेमली. समिती गुप्त मतदानाने निर्णय घेत असे.

जबाबदारी स्वीकारल्याच्या त्याच क्षणी ती नाकारण्याचे सूत्रही तयार झाले, हे या घटनेतले सर्वांत उद्बोधक अंग. समितीने अंकात एक निवेदन छापायला सुरुवात केली. विषयाचे महत्त्व किंवा मांडणीचे वैशिष्ट्य पाहून निबंध निवडले जातात. त्यांतील तथ्यांची सत्यता आणि युक्तिवादाचा युक्तायुक्तपणा यांची हमी सोसायटी देत नाही, तो भार लेखकांच्या विश्वासार्हतेवरच राहील, असा त्याचा आशय होता. ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही मराठी नियतकालिकांच्या पहिल्या पानावरची चिरपरिचित ओळ याच कुळातली आहे. वाचणारा एक जण होता तेव्हा अशा वाक्याची गरज भासली नव्हती. समिती वाचू लागली आणि कोणा एकाला विचारता येईनासे झाले.

लेखी अहवालांची पद्धत त्यानंतर ऐंशी वर्षांनी आली. १८३१ साली विल्यम ह्यूएल यांनी ती सुचवली तेव्हा त्यांच्या मनातला हेतू आजच्या परीक्षणाहून अगदी निराळा होता. नव्या निबंधांवर जाणकारांनी अहवाल लिहावेत, ते प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांतून विज्ञानाच्या प्रगतीविषयी जाणत्या समाजाला सांगता यावे, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे परीक्षणाचा पहिला प्रस्ताव हा जवळजवळ समीक्षेचा प्रस्ताव होता. पहिल्याच प्रयोगात तो अडखळला. जॉर्ज एअरी यांचा पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीविषयीचा निबंध ह्यूएल आणि जॉन लबक यांच्याकडे दिला गेला. ह्यूएल यांना निबंधाचे महत्त्व विशद करायचे होते, लबक यांना त्यातील चुका शोधायच्या होत्या. एकाला वाचकासाठी वाचायचे होते, दुसऱ्याला लेखकाविरुद्ध. या खेपेस अहवाल ह्यूएल यांच्या वळणाचा झाला. पुढच्या काळात मात्र टिकली ती लबक यांची रीत; भरीला अहवाल गोपनीय झाले आणि अहवाल देणाऱ्याचे नावही झाकले गेले. ह्यूएल यांच्या कल्पनेतला परीक्षक आपल्या नावानिशी वाचकांसमोर उभा राहणार होता. एकोणिसाव्या शतकाने त्याला पडद्याआड नेले, आणि तो तिथेच रुळला.

तरीही तज्ज्ञपरीक्षण म्हणजेच ज्ञानपत्रिका असे समीकरण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ नव्हते. १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’चे संपादक जॉन टेट यांनी आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा आइन्स्टाइन रागावले. छापण्यापूर्वी तो कोणा तिऱ्हाइताला दाखवण्याची परवानगी आपण दिली नव्हती, असे कळवून त्यांनी निबंध परत घेतला. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांचा आक्षेप बरोबर होता. अशा लहरी अस्तित्वात नाहीत हा मूळ निबंधातला निष्कर्ष चुकीचा होता, आणि १९३७ मध्ये तो निबंध दुसऱ्या पत्रिकेत आला तो निष्कर्ष बदलून. या प्रसंगाकडे नामवंताचा अहंकार म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. जर्मन पत्रिकांच्या ज्या परंपरेत आइन्स्टाइन वाढले होते तिच्यात निबंध वाचणे हे संपादकाचे काम होते. त्यांचा रोष चुकीच्या वेळी प्रकट झाला असला, तरी वाचण्यासाठी ज्याच्याकडे दिले त्यानेच वाचावे ही त्यामागची अपेक्षा विक्षिप्त नव्हती. ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध १९५३ साली परीक्षकांकडे न जाताच छापला गेला. त्या साप्ताहिकाने बाह्य परीक्षण सर्व निबंधांना सक्तीचे केले ते १९७३ साली. ‘पीअर रिव्ह्यू’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला तोही त्याच दशकात. त्यामागे केवळ विद्येची शुद्धता नव्हती. संशोधनावर सरकारी पैसा किती आणि कसा खर्च होतो, याचा जाब अमेरिकन काँग्रेस विचारू लागली होती. ‘समकक्ष तज्ज्ञांनी तपासले आहे’ हे त्यावरचे उत्तर होते. परीक्षण हे बाहेरच्या जगाला दाखवायचे प्रमाणपत्र झाले ते या वळणावर.

सोकल यांच्या लेखाकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहता येते. ‘सोशल टेक्स्ट’ १९७९ साली सुरू झाले; स्टॅन्ली अ‍ॅरोनोविट्झ आणि फ्रेडरिक जेमसन हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. संपादकमंडळ एकत्र बसून लेख वाचीत असे आणि बाह्य परीक्षकांकडे लेख पाठवण्याची पद्धत तिथे नव्हती. संपादकांनी नंतर केलेल्या खुलाशात याच गोष्टीवर भर होता. आपले नियतकालिक डाव्या, स्वतंत्र, लघुनियतकालिकांच्या परंपरेतले आहे, त्याला परीक्षित ज्ञानपत्रिकेचे निकष लावणे गैर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. साठच्या दशकातील अनियतकालिकांच्या चळवळीमुळे मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. मोजक्या समानधर्मीयांनी मिळून वाचावे, निवडावे, छापावे आणि त्याबद्दल बरेवाईट ऐकून घ्यावे, ही एक प्रतिष्ठित रीत आहे.

अडचण अशी, की ‘सोशल टेक्स्ट’ तोवर निव्वळ लघुनियतकालिक राहिले नव्हते. १९९२ पासून ते ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेतर्फे निघत होते. त्यात छापलेला लेख विद्यापीठीय कारकिर्दीत जमेस धरला जात होता. लघुनियतकालिकाचे स्वातंत्र्य आणि ज्ञानपत्रिकेचे प्रामाण्य ही दोन्ही त्याला एकाच वेळी हवी होती. पहिल्याच्या नावाने परीक्षक टाळायचा, दुसऱ्याच्या नावाने वजन मिळवायचे. या दुटप्पीपणाची जाणीव संपादकांना होती असे त्यांच्या खुलाशातून दिसत नाही.

आणि तरीही, परीक्षक नव्हता म्हणून हे घडले हा निष्कर्ष उथळ ठरतो. लेख संपादकांनी वाचला होता. तो त्यांना खटकलाही होता. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एक कार्यरत वैज्ञानिक उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञानात आपल्या क्षेत्राला दुजोरा शोधतो आहे असे त्यांना वाटले, आणि ती धडपड त्यांना काहीशी बाळबोध व जुनाट भासली. त्यांनी तत्त्वचर्चा आणि टीपा कमी करायला सुचवले. लेखक बधला नाही. लेख काही काळ पडून राहिला. मग विज्ञानविषयक विशेषांक ठरला, आणि त्यात एखादा वैज्ञानिक आपल्या बाजूने बोलणारा असावा या गरजेपोटी तो घेतला गेला. भौतिकशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही तो दाखवला गेला नाही. म्हणजे संपादकांनी जे वाचले ते लेखकाचे पद आणि त्याची बाजू. यूक्लिडचा पाय आणि न्यूटनचा गुरुत्वांक हे स्थिरांक आता ऐतिहासिक ठरले आहेत, अशा अर्थाचे विधान त्या लेखात होते. पायची किंमत काळानुसार बदलत नाही हे समजण्यासाठी पुंजभौतिकी शिकावी लागत नाही. ते वाक्य डोळ्यांखालून गेले असेल; वाचले गेले असे म्हणणे कठीण आहे.

त्या वेळी ड्यूकच्या प्रकाशनसंस्थेची धुरा सांभाळणारे स्टॅन्ली फिश यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या प्रत्युत्तरात दोषाचा रोख सोकल यांच्याकडे वळवला. ज्ञानव्यवहार परस्परविश्वासावर चालतो. एकाने सांगितलेले दुसरा गृहीत धरतो म्हणूनच पुढचे काम होते. तो विश्वास मुद्दाम मोडणारा माणूस त्या व्यवहारालाच सुरुंग लावतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थनिर्णयनाचा आधार वाचकसमूहात शोधणाऱ्या फिश यांच्याकडून तो येणे सुसंगतच होते आणि त्यात तथ्यही आहे. खोटी सामग्री देऊन संपादकाची परीक्षा पाहणे हे नीतीच्या दृष्टीने निर्दोष कृत्य नव्हे. सोकल यांच्या चाहत्यांनी या मुद्द्याला बगल दिली. पण विश्वास कोणावर ठेवायचा असतो? लेखक खोटे बोलणार नाही हा विश्वास संपादक ठेवतो. संपादकाने वाचले आहे हा विश्वास वाचक ठेवतो. पहिला मोडला म्हणून दुसरा मोडल्याचा दोष नाहीसा होत नाही. सोकल यांनी आपल्या विडंबनामागची भूमिका मांडणारा उपसंहार ‘सोशल टेक्स्ट’कडेच धाडला, तेव्हा तो आपल्या बौद्धिक दर्जाला उतरत नाही म्हणून नाकारला गेला, शेवटी तो ‘डिसेंट’मध्ये आला. न्यूटनच्या आक्षेपकांना ‘ट्रान्झॅक्शन्स’ने दिलेली जागा आठवली, की ‘सोशल टेक्स्ट’ची खरी चूक विडंबन छापण्यात होती की हा नकार देण्यात, असा प्रश्न पडतो.

परीक्षक असते तर काय झाले असते, याचे उत्तर दोन दशकांनी मिळाले. २०१७-१८ मध्ये जेम्स लिंडसे, हेलन प्लकरोझ आणि पीटर बोगोसियन यांनी लिंगभाव आणि अस्मिता यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकांकडे वीस बनावट लेख पाठवले. बिंग फुटले तेव्हा सात स्वीकारले गेले होते आणि त्यांतले चार छापूनही झाले होते. या पत्रिका परीक्षित होत्या. परीक्षकांनी अहवाल लिहिले होते, सूचना केल्या होत्या, काही ठिकाणी तर कळकळीने लेखकाला मदत केली होती. या प्रकरणाचा राजकीय वापर कसा झाला हा निराळा विषय आहे. सामग्रीच बनावट असेल तर परीक्षक फारसे काही करू शकत नाही, हेही मान्य करायला हवे. पण ‘परीक्षित’ हा शिक्का म्हणजे वाचनाची हमी नव्हे एवढे त्यातून उघड झाले.

वैद्यकाच्या क्षेत्रात हा अनुभव आधीच येऊन गेला होता, आणि नियमांची आजची चौकट मुख्यतः तिथूनच आली. १९७८ साली वैद्यकीय पत्रिकांचे काही संपादक व्हँकूव्हरमध्ये जमले ते हस्तलिखितांचे एकसारखे स्वरूप ठरवण्यासाठी. त्यांच्याच गटाने पुढे लेखक कोणाला म्हणावे याचे निकष केले. ही गरज किती निकडीची होती ते १९९४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’मध्ये आलेल्या एका लेखाने दाखवून दिले. गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ गर्भाशयात आणून यशस्वी प्रसूती केल्याचा दावा त्यात होता. अशी रुग्ण नव्हतीच. सहलेखक म्हणून विभागप्रमुखांचे नाव होते आणि तेच त्या पत्रिकेचे संपादक होते. ज्या लेखावर स्वतःचे नाव आहे तोही त्यांनी वाचला होता की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवाना १९९५ मध्ये रद्द झाला. १९९७ साली ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांनी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ स्थापन केली ती अशा वातावरणात. आरंभी ती अडलेल्या संपादकांनी एकमेकांचा सल्ला घेण्याची जागा होती. पुढे तिची मार्गदर्शक तत्त्वे सर्व विद्याशाखांत पसरली, आणि मग तिचे नाव संकेतस्थळावर झळकवणे हीच अनेकांना नीती वाटू लागली.

भारतात या इतिहासाचे अखेरचे प्रकरण घडले, आणि त्यात पुण्याला मोठे स्थान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित पत्रिकेत एक निबंध छापणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बंधनकारक केले. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकनाशी जोडल्या गेल्या; निबंधाला गुण, पुस्तकाला गुण, परिसंवादाला गुण. निबंध कशाविषयी आहे हे गुण देणाऱ्याने पाहण्याची सोय या तक्त्यात नव्हती. मागणी निर्माण झाली तसा पुरवठाही झाला. २०१३ साली ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला एक बनावट निबंध थोड्याफार फरकाने ३०४ मुक्त पत्रिकांकडे धाडला होता. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. ज्या पत्रिकांकडे तो गेला त्यांत भारतातून चालणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

आयोगाने यावर शोधलेला उपाय म्हणजे यादी. २०१७ च्या जानेवारीत ३८,००० हून अधिक पत्रिकांची मान्य यादी जाहीर झाली. तिचा एक भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांचा होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातील ५,६९९ पत्रिकांपैकी १,३३६ पत्रिका यदृच्छेने निवडल्या. आंतरराष्ट्रीय सूचींत आधीच असलेल्या वगळून उरलेल्या १,००९ त्यांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. यांतील ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असण्याची शक्यता त्यांना दिसली. कोणाचा पत्ता नव्हता, कोणाच्या संपादकांची नावे नव्हती, कोणाचा क्रमांक खोटा, कोणाचा प्रभावांक खोटा. या पत्रिका सुचवणारी विद्यापीठे होती, हे विसरता येत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या. वर्षअखेरीस ‘केअर’ या नावाने नवी व्यवस्था जाहीर झाली, तपासणीचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता, आणि २०१९ च्या जूनपासून नवी यादी लागू झाली.

नवी यादी पहिलीपेक्षा निश्चितच काळजीपूर्वक केलेली होती. पण यादी म्हटली की तिचे स्वतःचे एक अर्थशास्त्र तयार होते. ज्या पत्रिकेचे नाव यादीत आहे त्या नावालाच किंमत येते. मग ते नाव चोरले जाते. स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या जुन्या छापील पत्रिकांच्या नावाने आणि क्रमांकाने भलत्यांनीच संकेतस्थळे उघडली, शुल्क घेऊन निबंध ‘छापले’, आणि खुद्द ‘केअर’ला अशा तोतया पत्रिकांची निराळी यादी ठेवावी लागली. तोतया पत्रिकेत निबंध दिलेला विद्यार्थी फसलेला की फसवणारा, हे ठरवणे सोपे नाही. मार्गदर्शकाने त्या पत्रिकेचा एखादा अंक कधी हातात घेतला असता, तर हा प्रश्न उद्भवला नसता.

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांची या व्यवस्थेत विशेष ओढाताण झाली. त्यांची परंपरा संपादकाच्या वाचनाची आहे. ‘विविधज्ञानविस्तार’पासून ‘नवभारत’पर्यंतच्या नियतकालिकांनी विद्वत्तेचा जो दर्जा राखला, तो परीक्षकांच्या गोपनीय अहवालांवाचून. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाकडून पुनर्लेखन करवून घेत, हे सर्वश्रुत आहे. या रीतीत एका अभिरुचीची सत्ता होती, आणि राजा ढाले व त्यांच्या पिढीच्या लेखकांनी तिच्याविरुद्ध ‘सत्यकथे’ची होळी करण्यापर्यंत मजल मारली ती उगाच नव्हे. मात्र बंडखोरांना रोष कोणावर धरायचा हे ठाऊक होते. नकार देणाऱ्याला नाव होते, त्याचे निकष वादाला खुले होते, आणि त्याला उत्तर म्हणून दुसरे नियतकालिक काढता येत होते. यादीतून नाव वगळले गेलेल्या पत्रिकेच्या संपादकाला अर्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही. जी पत्रिका यादीत राहिली तिच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला : बढतीसाठी लागणाऱ्या निबंधांचा लोंढा, आणि तो वाचायला तेच दोन-तीन बिनपगारी संपादक. मुखपृष्ठावर ‘परीक्षित’ हा शब्द आणि आयएसएसएन क्रमांक ठळक झाले. आत परीक्षण किती झाले हे ज्याचे त्यास ठाऊक.

२०१८ च्या जुलैतील वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांनी नीतीचे टक्केवारीत रूपांतर केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या. साम्य मोजते ते संगणकीय प्रणाली. एखाद्या कवितेवरच्या निबंधात कवितेच्या ओळी आल्या तर अवतरण आणि चोरी यांतला भेद माणसालाच करावा लागतो. उलटपक्षी एखाद्याची संपूर्ण मांडणी स्वतःच्या शब्दांत उचलली तर आकडा शून्याजवळ राहू शकतो. साहित्याच्या अभ्यासात खरी चोरी बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, आणि ती ओळखण्यासाठी दोन्ही निबंध वाचलेला माणूस लागतो.

२०२२ च्या नोव्हेंबरातील विनियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची अट काढून टाकली. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आयोगाने ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. अतिकेंद्रीकरणाचा आक्षेप मान्य करून पत्रिकांची पारख पुन्हा विद्यापीठांकडे सोपवण्यात आली. म्हणजे ज्यांनी पहिल्या यादीसाठी पत्रिका सुचवल्या होत्या त्यांच्याकडेच. सोबत काही सूचक निकष दिले गेले : संपादकमंडळाची माहिती, प्रकाशनाची नियमितता, परीक्षणाचे जाहीर धोरण, नीतिविषयक निवेदन, पत्रिकेची दृश्यता. यांतील बहुतेक बाबी पत्रिकेतला एकही लेख न वाचता तपासता येतात. निवडसमितीपुढे येणाऱ्या उमेदवाराच्या फाइलीत निबंधांच्या प्रती पूर्वीसारख्याच जोडलेल्या असतात.